पाचशेपैकी पाचशे

१

पाचशेपैकी पाचशे उत्तरं बरोबर आली, आणि टाळ्या वाजायच्या त्या ठिकाणी खोलीवर सुतकी कळा पसरली.

परीक्षा एका संगणकाच्या प्रोग्रामची होती. त्याचं कागदोपत्री नाव लांबलचक होतं, पण प्रयोगशाळेत सगळे त्याला ‘चाळणी’ म्हणत. रुग्णांच्या स्लाइडची चित्रं त्यात घालायची, आणि त्याने रोगी एकीकडे, निरोगी एकीकडे अशी निवड करायची. एका माणसाला दोन आठवडे पुरेल एवढं काम चाळणीने नऊ मिनिटांत उरकलं होतं. तिला घडवणारी तरुण अभियंता स्क्रीनपाशी उभी होती आणि तिच्या चेहऱ्यावरचं हसू नुकतंच कुठे फुलत होतं.

“पाचशे नाही,” मोठे डॉक्टर म्हणाले. “चारशे सत्त्याण्णव यायला हवी होती.”

“म्हणजे?” अभियंतेने विचारलं.

“अठ्ठावन्न, दोनशे तेरा आणि चारशे सात. या तीन स्लाइड निरोगी आहेत. उत्तरांच्या कागदावर मी त्यांच्यापुढे मुद्दाम ‘रोग’ लिहिलं होतं. स्लाइड बघून कोणीही त्यांना निरोगीच म्हणेल. त्यांना रोगी म्हणणारा जगात एकच कागद आहे, तो मी हाताने लिहिला, पाकिटात घालून सही केली आणि कपाटात ठेवला. तुमच्या चाळणीने स्लाइड बघितल्याच नाहीत. तिने माझा कागद बघितला.”

अभियंतेच्या चेहऱ्यावरचं हसू जागच्या जागी गोठलं.

दाराशी स्लाइडची ढकलगाडी घेऊन मावशी उभ्या होत्या. स्लाइडच्या खोलीचा कारभार त्यांच्याकडे होता आणि सव्वीस वर्षांत त्यांच्या हातून एक स्लाइड हरवली नव्हती. अख्खी इमारत त्यांना मावशी म्हणायची, पण तसं म्हणायचा खरा हक्क एकटीलाच होता. ती समोर स्क्रीनपाशी पांढरीफटक पडून उभी होती.

ऐकता ऐकता मावशींचे हात चालूच होते. बोटभर लांबीची काच, तिच्यावर रुग्णाच्या शरीरातला कागदाहून पातळ तुकडा आणि एका टोकाला नावाचं लेबल, अशी प्रत्येक स्लाइड. डॉक्टरांनी तपासलेला ट्रे म्हणजे रोजची तऱ्हा. काहींची लेबलं डावीकडे, काहींची उजवीकडे. ती सगळी एका बाजूला आणताना मावशी रोज मनातल्या मनात डॉक्टरांचा उद्धार करायच्या.

“उद्या दुपारी चारला मी वर कळवणार,” डॉक्टर म्हणाले. “चाळणी बंद. आणि ज्याने कागद फोडला त्याला घरचा रस्ता.”

“चार वाजेपर्यंत मला जरा विचारपूस करू द्या,” मावशी दारातूनच म्हणाल्या.

“भाची तुमची आहे, मावशी.”

“म्हणूनच. तिने केलं असेल, तर मीच तिला तुमच्यासमोर आणून उभी करेन.”

२

भाचीला घेऊन मावशी बाहेरच्या व्हरांड्यात बसल्या. समोर खिडकी होती, खिडकीवर पत्र्याची पाटी. ‘अहवालासाठी चाळीस दिवसांनी यावे.’ स्लाइड वाचणारे डॉक्टर एकटे आणि स्लाइडचा ओघ काही आटत नव्हता, त्यामुळे गेली कित्येक वर्षं ती पाटी कोणी हलवली नव्हती.

भाचीच्या आईची स्लाइड याच रांगेत गेली होती. मावशींनी स्वतःच्या सख्ख्या बहिणीचा ट्रे स्वतःच्या हाताने सगळ्यांच्या मागे ठेवला, कारण रांग मोडायची नाही हा नियम होता. चाळीस दिवसांनी अहवाल आला तेव्हा इलाजाची वेळ टळून गेली होती. मावशींनी नियम पाळला होता, आणि पाळला म्हणूनच तो त्यांना आजही सलत होता. भाची तेव्हा एकोणीस वर्षांची होती. चाळणीचा पहिला विचार तिच्या डोक्यात कधी आला, हे दोघींनी एकमेकींना कधीच विचारलं नव्हतं.

“माझ्याकडे बघ. तू केलंस?”

“नाही गं, मावशी.”

“मग रडू नकोस. गेल्या महिन्यात तुझ्या चाळणीत नवीन काय केलंस ते मला समजेल असं सांग.”

भाचीने डोळे पुसले. “तिला शिकवायला आपल्याकडे साठ हजार जुनी चित्रं आहेत. आधी मी प्रत्येक चित्राचे हजार तुकडे करून तिला दाखवायचे. एक फेरी संपायला तीन आठवडे. मग मी अख्खं चित्रच तिकिटाएवढं छोटं केलं. तीन आठवड्यांचं काम एका दुपारीत व्हायला लागलं.”

“आणि उत्तरं?”

“शंभरात ब्याण्णव बरोबर यायची, ती त्याच आठवड्यात नव्याण्णवच्या वर गेली. मला वाटलं, जमलं एकदाचं.”

मावशींनी कपाळाला आठ्या घातल्या. “मला सुईत दोरा ओवायला चष्मा लागतो. सुई लहान केली तर मला जास्त दिसेल का?”

हा प्रश्न भाचीने स्वतःला विचारला नव्हता.

३

रुग्णांची नावं बाहेर फुटू नयेत हे बघायला एक बाई होती. दर आठवड्याला सगळ्यांचे पासवर्ड बदलायला लावायची, म्हणून तिचं नाव कुलूपबाई पडलं होतं. मावशी तिच्या टेबलाशी जाऊन बसल्या.

“डॉक्टरांचा कागद संगणकात कोणी घातला असेल?”

“कोणीच नाही,” कुलूपबाई ठामपणे म्हणाली. “कोण कधी आत आलं, काय उघडलं, सगळ्याची नोंद माझ्याकडे आहे. आणि मावशी, तो कागद संगणकात होताच कुठे? तो लाकडी कपाटात होता. लाकडी कपाटाला मी काय पासवर्ड लावू?”

“पाकीट तू बघितलंस?”

“मीच उघडलं, सगळ्यांसमोर. चिकटवलेलं जसंच्या तसं, सही अख्खी. सोळा आणे शाबूत.”

“गेल्या महिन्यात तू काही बदललंस?”

कुलूपबाईचा चेहरा उजळला. “नावं झाकली. चित्रात लेबलही येतं ना, त्यावर रुग्णाचं नाव असतं. संगणक आता प्रत्येक चित्रात लेबल शोधतो, जिथे सापडेल तिथे काळी पट्टी ओढतो. जुनी साठ हजारही झाकून टाकली. आता माशीलासुद्धा नाव कळायचं नाही.”

“कुठल्या आठवड्यात?”

तिने वही चाळून तारीख सांगितली. भाचीने चित्रं छोटी केली तोच आठवडा.

तिथून मावशी स्कॅनरच्या खोलीत गेल्या. डॉक्टरांकडून ट्रे आधी इथे येत, इथे त्यांची चित्रं निघत आणि मग ट्रे मावशींकडे जात. स्कॅनर चालवणाऱ्याला सगळे घाईराव म्हणत, कारण तो चहासुद्धा उभ्याउभ्या प्यायचा.

“परीक्षेच्या स्लाइडना तू हात लावलास?”

“अहो मावशी, स्लाइडला बोट लावायला वेळ कोणाला आहे? ट्रे येतो, आत जातो, बाहेर येतो, तुमच्याकडे रवाना. आला तसा गेला. डॉक्टरांनी ठेवलेली स्लाइड मी हलवत नाही, आणि या यंत्रालाही कशाचं सोयरसुतक नाही.”

मावशी रिकाम्या हाताने परत निघाल्या, पण जिन्यात मधल्या पायरीवर थबकल्या. पाकीट फुटलं नव्हतं. कागद कपाटाबाहेर आला नव्हता. तरी उत्तरं बाहेर पडली होती, म्हणजे ती कागदावाटे गेलीच नव्हती. मग कशावाटे? डॉक्टरांच्या खोलीतून बाहेर गेलेली वस्तू एकच होती, त्या पाचशे स्लाइड. उत्तरं त्यांच्याच अंगाखांद्यावर बसून गेली होती. आणि त्या पाचशेच्या पाचशे मावशींनी स्वतः हाताळल्या होत्या, तरी त्यांना काही म्हणजे काही दिसलं नव्हतं.

४

दुसऱ्या दिवशी सकाळी मावशी मोठ्या डॉक्टरांच्या खोलीत गेल्या. डॉक्टर सूक्ष्मदर्शकावर वाकलेले होते.

“बोला. माझं काम थांबणार नाही, कान मोकळे आहेत.”

“तुम्हाला चाळणी नकोच होती, असं लोक म्हणतात.”

“लोक बरोबर म्हणतात.” त्यांनी एक स्लाइड बघितली, वहीत एक शब्द लिहिला, ती ट्रेमध्ये सारली आणि दुसरी उचलली. “यंत्र चुकलं तर रुग्ण मरतो आणि यंत्राला झोप चांगली लागते. मला लागत नाही. पण मी खोटेपणा केलेला नाही. चाळणी खरी असती, तर मी स्वतः पेढे…” ते थांबले. “जाऊ दे. मी सहा वर्षं एकट्याने वाचतोय, मावशी. मला मदत नको असेल का?”

त्या आवाजात थकवा होता आणि तो खरा होता. मावशींची नजर मागच्या फळीवर गेली. तिथे फायली ओळीने उभ्या होत्या, आणि मधूनमधून एखादी पाठ भिंतीकडे करून ठेवलेली होती.

“त्या फायली उलट्या का?”

“त्यांच्यात काम शिल्लक आहे. उलटी ठेवली की नजरेला खटकते, विसरली जात नाही. विद्यार्थी होतो तेव्हापासूनची खोड आहे ती.”

डॉक्टरांनी आणखी एक स्लाइड बघितली, लिहिलं, सारली. मावशींनी त्यांचा चेहरा बघायचं सोडलं आणि बोटं बघायला सुरुवात केली. दहा स्लाइड झाल्या, वीस झाल्या. पंचविसाव्या स्लाइडला मावशी दाराकडे वळल्या.

“डॉक्टर, हा ट्रे पुरा झाला की कोणाकडे देऊ नका. इथेच राहू द्या, चारपर्यंत.”

त्या जवळपास पळतच जिना उतरल्या. स्कॅनरच्या खोलीचं दार ढकलून म्हणाल्या, “घाईराव, मला दहा कोऱ्या स्लाइड दे.”

५

“कोऱ्या?” घाईराव हातातला कप खाली ठेवायलाही विसरला. “म्हणजे वर काही नाही अशा?”

“धुतलेल्या, पुसलेल्या, रिकाम्या. आणि दहा लेबलं.”

मावशींनी लेबलं चिकटवली, स्लाइड ट्रेमध्ये आपल्या मनाप्रमाणे लावल्या आणि ट्रे त्याच्या हातात दिला. “आला तसा आत घाल. बोट लावू नकोस.”

“कधी लावलंय?”

चित्रं निघाली. कुलूपबाईच्या पट्ट्या आपोआप ओढल्या गेल्या. भाचीने ती चाळणीत घातली आणि दोन सेकंदांत उत्तर आलं. ते तिने वाचलं, पुन्हा वाचलं, आणि खुर्ची मागे आहे की नाही हे न बघताच खाली बसली. घाईरावाने खुर्ची वेळेवर पुढे सरकवली म्हणून बरं. जन्मात पहिल्यांदा त्याची घाई कोणाच्या कामी आली.

“मावशी, या स्लाइडवर काय होतं?”

“काही नाही. स्वच्छ काच.”

“चाळणी म्हणते, पाच निरोगी आहेत.” भाचीने स्क्रीन मावशींकडे वळवला. “आणि पाच जणांना रोग आहे. अगदी शंभर टक्के खात्रीने.”

६

चारच्या ठोक्याला सगळे डॉक्टरांच्या खोलीत जमले. सकाळचा ट्रे टेबलावर होता. चाळीस स्लाइड, नुकत्याच तपासलेल्या, डॉक्टरांशिवाय कोणी न पाहिलेल्या.

“चोर सापडला का?” डॉक्टरांनी विचारलं.

“आधी माझी परीक्षा घ्या,” मावशी म्हणाल्या. त्यांनी चष्मा काढून पदराने पुसला आणि तो पुन्हा डोळ्यांवर न ठेवता मिटून टेबलावर ठेवला. “तुमची वही उघडा. मी सांगते, तुम्ही ताडून बघा.”

“तुम्हाला पेशी वाचता येतात?”

“अक्षरं वाचायची मारामार आहे. पहिली निरोगी. दुसरी निरोगी. तिसरी रोग. चौथी, पाचवी, सहावी निरोगी. सातवी रोग.”

मावशी दोन हात लांबून ट्रेकडे बघत, भाजी निवडावी तशा सांगत गेल्या. डॉक्टरांचं बोट वहीवरून सरकत होतं. दहाव्या स्लाइडला त्यांनी चष्म्यावरून बघितलं. विसाव्याला खुर्ची पुढे ओढली. चाळिसावी झाली तेव्हा कुलूपबाई हळूच म्हणाली, “एकही चूक नाही?”

“एकही नाही,” डॉक्टर म्हणाले. “हे अशक्य आहे.”

“चष्म्याशिवाय मला एवढंच दिसतं, लेबल कुठल्या टोकाला आहे ते,” मावशी म्हणाल्या. “डावीकडे लेबल, निरोगी. उजवीकडे लेबल, रोग. डॉक्टर, वहीत तुम्ही ‘रोग’ लिहिता आणि लिहिता लिहिता तुमचा डावा हात स्लाइड फिरवून उलटी ठेवतो. त्या फायली ठेवता तशीच. काम शिल्लक आहे, नजरेला खटकावं म्हणून.”

डॉक्टर स्वतःच्या डाव्या हाताकडे असे बघत राहिले, जणू तो दुसऱ्या कोणाचा होता.

“घाईराव ट्रे आहे तसा आत घालतो, म्हणून चित्रही उलटं निघतं. साठ हजार चित्रांत हेच. पण आधी चाळणी चित्राचे बारीक तुकडे बघायची, तिथे पेशीच जास्त, लेबल कुठेतरी कोपऱ्यात. मग एकाच आठवड्यात दोन चांगली कामं झाली. काम लवकर व्हावं म्हणून हिने चित्रं छोटी केली, त्यात पेशी दिसेनाशा झाल्या. आणि नावं फुटू नयेत म्हणून कुलूपबाईने लेबलावर काळी पट्टी ओढली, ती मात्र तिकिटाएवढ्या चित्रातही ठळक दिसते. चाळणीने पेशी बघायचं सोडून दिलं. पट्टी डावीकडे की उजवीकडे, एवढंच ती शिकली. माझ्या पाच कोऱ्या काचा उलट्या होत्या, त्यांनाही तिने रोगी ठरवलं.”

“पण त्या तीन स्लाइड?” डॉक्टरांनी शेवटची धडपड केली. “त्या निरोगी होत्या.”

“पण तुम्ही ‘रोग’ लिहिलंत. हात पेनचं ऐकतो, डोळ्यांचं नाही. म्हणूनच मला खात्री पटली. तुमच्या सापळ्यात सापडलं ते तुमचंच बोट.”

डॉक्टर सावकाश म्हणाले, “म्हणजे माझा कागद मीच फोडला.”

“तुम्ही फोडलात आणि खुणा मी पुसल्या. स्लाइड माझ्याकडे आली की मी ती सुलट करते. रोज तुमच्या नावाने खडे फोडले, पण या उलट्या का, हे एकदाही तोंडाने विचारलं नाही. विचारलं असतं, तर या पोरीवर आळ आला नसता.” मावशींनी मिटलेला चष्मा उचलून डोळ्यांवर ठेवला. “चोर कोणी नाही, डॉक्टर. माझी भाची खोटी नाही.”

“नाही,” डॉक्टर म्हणाले, आणि ते भाचीकडे वळले. “मी तुमची माफी मागतो. सगळ्यांसमोर आरोप केला होता, तेव्हा सगळ्यांसमोरच मागतो. पण चाळणी अजून अडाणीच आहे.”

“हो,” भाचीने मान वर केली. “पण आता ती कुठे फसते ते मला कळलंय. पंधरा दिवस द्या.”

७

भाची आणि कुलूपबाई एका टेबलावर बसल्या. पट्टी ओढायची कशाला, असं भाचीचं म्हणणं पडलं; लेबलाचा भागच स्कॅनरपाशी कापून टाकायचा, जुन्या चित्रांतूनही. जे चित्रात नाहीच ते फुटणार कसं, हे कुलूपबाईला इतकं पटलं की तिने आठवडाभर कोणाचा पासवर्ड बदलला नाही. चित्रंही त्यामुळे हलकी झाली. चाळणी आता छोट्या चित्रावरून पहिली नजर टाकायची, मोकळी काच बाजूला सारायची आणि फक्त मांसाचा भाग बारकाईने बघायची. कामाची रांगही बदलली. डॉक्टरांकडून ट्रे आता आधी मावशींकडे येऊ लागला, त्यांनी सगळ्या स्लाइड सुलट केल्या की मग घाईरावाकडे. “आला तसा आत,” तो खूश होऊन म्हणायचा, आणि आता ते बरोबरच होतं.

पंधराव्या दिवशी त्याच पाचशे स्लाइड पुन्हा मांडल्या गेल्या. अकरा मिनिटं लागली.

“चारशे शहाऐंशी,” भाचीने वाचलं. “चौदा जुळत नाहीत.”

“आता खरं वाटतंय,” डॉक्टर म्हणाले, आणि सूक्ष्मदर्शक ओढून त्यांनी त्या चौदा मागवल्या. अठ्ठावन्न, दोनशे तेरा, चारशे सात. “या तिन्ही ती निरोगी म्हणते. बरोबर. माझा कागद खोटा, ती खरी.” पुढच्या दहा निरोगी स्लाइडवर चाळणीने उगाच संशय घेतला होता. “घेऊ दे. संशय आला तर मी बघेन. रोग तर एकही सुटलेला नाही.”

राहिली एक. क्रमांक तीनशे एकतीस. डॉक्टरांनी ‘निरोगी’ लिहिलं होतं, चाळणी ‘रोग’ म्हणत होती.

डॉक्टर वाकले. एक मिनिट गेलं, दोन गेली. त्यांनी भिंग बदललं, स्लाइड केसभर सरकवली.

“कडेला,” ते शेवटी म्हणाले. “अगदी कडेला सात-आठ पेशी. माझ्याकडून दोनदा सुटल्या.” त्यांनी मान वर केली तेव्हा डोळे ओले होते आणि चेहरा उजळलेला होता. “सुरुवात आहे हो. आत्ता सापडलाय, म्हणजे पूर्ण बरा होईल. रुग्ण कोण आहे? नंबर द्या, फोन मीच करतो.”

आणि मग टाळ्या वाजल्या. घाईरावाने तर टेबल बडवलं. भाची मावशींच्या गळ्यात पडून लहान मुलीसारखी रडली, आणि या खेपेला मावशींनी तिला रडू दिलं.

डॉक्टरांनी कागदावरचं ‘निरोगी’ खोडलं, ‘रोग’ लिहिलं, आणि त्यांचा डावा हात सवयीने स्लाइड फिरवू लागला. मध्येच तो थांबला. त्यांनी ती सुलट केली आणि दोन्ही हातांनी मावशींना दिली.

मावशींनी ती जागेवर ठेवली आणि स्क्रू काढायचा पेचकस घेऊन त्या व्हरांड्यात गेल्या. खिडकीवरच्या पाटीचे चारही स्क्रू गंजले होते, पण त्यांनी कोणाला मदतीला बोलावलं नाही. पाटी उतरली. तिच्यामागे भिंतीचा तेवढाच चौकोन जुन्या रंगाचा राहिला होता. मावशींनी कोरा कागद घेतला, मोठ्या अक्षरात लिहिला आणि त्या चौकोनावर चिकटवला.

बाकावर बसलेल्या एका बाईने वर बघितलं आणि तिने तो मोठ्याने वाचला.

“‘अहवालासाठी परवा यावे.’ परवा? खरंच परवा?”

“हो, बाई,” मावशी म्हणाल्या. “परवा या.”